सालूचं माज्यावर काय?

लग्न होऊन मी कडेगावला आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या मांडीवर बायबल ठेवलं आणि म्हणाल्या, "वाच. पन सावकाश वाच. धैर्या वाचतो म्हंजी यष्टीचा कंडक्टर गावं सांगतो तसं वाचतो."

धैर्या म्हणजे माझा नवरा, धैर्यशील. साखर कारखान्यात फिटर. सकाळच्या पाळीला जायच्या आधी आईला अध्याय वाचून दाखवायचं काम इतके दिवस त्याच्याकडे होतं. ते आता माझ्याकडे आलं. माझे वडील पाचगणीच्या एका शाळेत आचारी होते. मी तिथंच शिकले, त्यामुळं माझ्या वाचण्यावर सासूबाईंचा भरवसा बसला.

सासूबाईंचं नाव बनुबाई. वय सदुसष्ट. सगळी नोकरी मिरजेच्या एका दवाखान्यात आया म्हणून केली. औषधांची नावं तोंडपाठ, ताप हात लावून बरोबर सांगायच्या, पण अक्षर म्हणाल तर सहीपुरतं. ऐकायच्या मात्र कान देऊन. आणि वाचून झालं की रोज एकच विचारायच्या, "मग आज काय करायचं?"

पहिल्यांदा मला कळेना. मी म्हटलं, "देवावर विश्वास ठेवायचा."

"त्यो हायच. हातानं काय करायचं त्ये सांग. दिस बुडायच्या आत हुईल असं."

त्यांची ही रीत. त्या दिवशीच्या वचनातून त्या दिवशीचं एक काम. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे वाचलं तेव्हा त्यांनी ठरवलं की आज कुणाचं उणं काढायचं नाही. अकरा वाजता शेजारच्या अंबूबाई आपल्या सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आल्या. सासूबाईंनी घाईघाईनं तोंडात मिसरी कोंबली आणि गालाला हात लावून नुसती मान हलवत बसल्या. अंबूबाईंना वाटलं दाढ दुखतेय. त्यांनी संध्याकाळी लवंगेचं तेल पाठवून दिलं. सासूबाई म्हणाल्या, "बग, गप बसलं तर औशद बी फुकट मिळतंय."

जुन्या करारातलं इतिहासाचं पुस्तक सुरू केलं तेव्हा पहिल्या पानावर नुसती वंशावळ. अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा. मी पान उलटायला लागले तर त्यांनी माझा हात धरला.

"गाळू नगंस. कुनाच्या तरी आईनं ठिवलेली नावं हायती ती."

मी सगळी वाचली. वाचून झाल्यावर त्या उठल्या. दारात गेल्या. आमची गल्ली झाडायला एक बाई यायची. चार वर्षं यायची आणि सगळी गल्ली तिला 'ए झाडूवाली' म्हणायची, आम्हीसुद्धा. सासूबाईंनी तिला विचारलं, "पोरी, तुजं नाव काय गं?" ती घाबरली. तिला वाटलं तक्रार करायची असणार. मग म्हणाली, "क्रांती." तेव्हापासून क्रांती आमच्या पायरीवर बसून चहा पिते.

अशी दोन वर्षं गेली. आणि मग मागच्या कार्तिकात, एका शनिवारी सकाळी, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला तो भाग आला.

त्यात असं आहे, की तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग येऊन ते दे. मी वाचलं आणि थांबले. सासूबाई नेहमीचा प्रश्न विचारतील म्हणून वाट बघितली. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. त्यांना वाचता येत नसलं तरी ऐकताना चष्मा लागायचा.

"ह्यातलं आज करन्यासारखं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्या म्होरलं वाच."

असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या. आणि का म्हणाल्या ते मला माहीत होतं, कारण धैर्यशीलनं मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, की आईपुढं उंब्रजच्या मावशीचं नाव काढू नकोस.

उंब्रजची मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, सालोमी. घरात तिला सालू म्हणायचे. दोघींची आई शेवटची दोन वर्षं लकवा होऊन सालूमावशीकडं पडून होती. सासूबाई तेव्हा मिरजेत नोकरीला. पंधरा दिवसांतून एकदा सुट्टी काढून उंब्रजला जायच्या. आई वारली त्या दिवशी मावशीनं फोन केला तो उशिरा. सासूबाई तीन तास प्रवास करून पोचल्या तर शवपेटीचं झाकण लागलेलं होतं. आईचं तोंड बघायला मिळालं नाही. माती देताना, सगळी मंडळी उभी असताना, त्या बहिणीला म्हणाल्या, "तू माझी आई चोरलीस." त्याला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण. कडेगावचं आमचं देऊळ पत्र्याचं, वीस-बावीस कुटुंबांचं. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी आणायचं आणि गीत चालू असताना ओळीनं जाऊन वेदीपाशी ठेवायचं. कुणी उसाची मोळी, कुणी बाजरी, कुणी अंडी. सासूबाईंनी गोठ्याच्या पत्र्यावर चढवलेल्या वेलाचा भोपळा जपला होता. एवढा मोठा, की मी म्हटलं मी धरते, तर दिला नाही. पोटाशी धरून चालल्या, लेकरू धरावं तसा.

ओळ पुढं सरकत गेली. त्यांनी वाकून भोपळा वेदीच्या पायरीवर ठेवला. सरळ झाल्या. आणि तिथंच उभ्या राहिल्या. मागं लालासाहेब फौजी ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन उभे. ते हळूच म्हणाले, "आवं, बनुबाई, सरका की जरा."

सासूबाई सरकल्या. पण बाकाकडं आल्या नाहीत. मधल्या वाटेनं सरळ दाराकडं निघाल्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "रेश्मा, पिशवी घे."

गीताचं कडवं अर्धवट राहिलं. आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, तरुण आहेत, नवीन आहेत. ते पेटी वाजवायचे थांबले. "बनुबाई, बरं वाटत नाही का?"

"बरं हाय, साहेब. भोपळा ठिवलाय. उंब्रजला जाऊन येते."

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. मी पिशवी घेतली, चपला हातात घेतल्या आणि त्यांच्या मागं पळाले.

कराडच्या गाडीत बसल्यावर त्यांनी मला ते पुन्हा वाचायला सांगितलं. बायबल देवळातच राहिलं होतं. मी मोबाइलवर काढलं.

"आता नीट सांग," त्या म्हणाल्या. "माजं सालूवर हाय. तिनं मला आईचं त्वांड बघू दिलं न्हाई. तसं लिवलंय न्हवं? माजं कुनावर आसंल तर जायाचं."

मी परत बघितलं. "नाही, आई. तसं नाही. तिच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे."

"नीट बग."

"दोनदा बघितलं."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. दोन्हीकडं ऊस, तुरे आलेले. मग म्हणाल्या, "सालूचं माज्यावर काय असनार? म्या काय केलंय तिचं?"

मी मोबाइल पिशवीत टाकला. मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी सुनेनं बोलावं अशी ती जागा नव्हती.

कराडला साताऱ्याची गाडी धरली. उंब्रज यायच्या आधी त्या म्हणाल्या, "इचारावं लागंल." एवढंच.

मावशीचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. सासूबाईंना वाट विचारावी लागली नाही. दार उघडं होतं. पुढच्या सोप्यात एक बारीक, काळीसावळी बाई पाय लांब करून बसली होती आणि सुपात भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. गुडघ्यांना फडकी बांधलेली. तिनं वर बघितलं. हातातली शेंग तशीच राहिली.

"कोन मेलं?" मावशी म्हणाली.

"कुनी न्हाई."

"मग?"

सासूबाई उंबऱ्याच्या आत आल्या, पण बसल्या नाहीत. "तुजं माज्यावर काय हाय त्ये सांग. ऐकाय आल्ये."

"चौदा वर्सांनी?"

"व्हय."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. "ही कोन?"

"धैर्याची बायकू. रेश्मा. हिनं वाचलं, म्हनून आल्ये."

"काय वाचलं?"

"शास्त्र."

"एवढ्यासाटी शास्त्र वाचावं लागलं तुला, आक्का," मावशी म्हणाली आणि शेंग फोडली. मला वाटलं आता ती पुढं बोलणारच नाही. पण 'आक्का' म्हणाली, ते मी ऐकलं. सासूबाईंनीही ऐकलं असणार, कारण त्यांनी दाराची चौकट धरली.

मग मावशी बोलली. आवाज चढवला नाही. शेंगा सोलत सोलत बोलली.

"तू पंदरा दिसांनी यायचीस. मोसंबी घिऊन. आल्या आल्या हात धुयाचीस आन् आईला कुशीवर करून पाठ बगायचीस. मग माज्याकडं बगायचीस, शिस्टर बगती तसं. एकदा पाठीला पडून पडून जखम झाली हुती. बोराएवडी. गल्लीतल्या बाया बसल्या हुत्या तितं. तू म्हनालीस, जनावराला बी कुनी असं ठिवत न्हाई. आठवतंय?"

"म्हनाले," सासूबाई म्हणाल्या.

"दर दोन तासाला कूस बदलली म्या तिची. घड्याळ लावून. नवरा म्हनायचा, तुजं काय खरं न्हाई. जखम भरली. तुला दावली. तू काय म्हनालीस?"

मावशीनं हातातलं टरफल बाजूला टाकलं.

"म्हनालीस, भराया पायजेच हुती."

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत मावशी थांबली.

"आई गेली तवा घरात मी एकटी. दुपार हुती. फोन हातात घेतला आन् खाली ठिवला. मनात आलं, आक्का यील आन् पयलं काय करंल? त्वांड बगायच्या आदी पाठ बगंल. पाव्हन्यारावळ्यांम्होरं मेलेल्या आईला कुशीवर करंल आन् माज्याकडं बगंल. मला त्ये सोसलं नसतं गं. म्हनून म्या आदी तिला न्हाऊ घातलं. पातळ नेसवलं. पेटीत ठिवलं. मंग फोन केला. आन् तू यायच्या आदी झाकन लावाय मीच सांगितलं."

सासूबाई भिंतीला धरून खाली बसल्या, सावकाश, जमिनीवरच.

"बगितली असती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पाठ. म्या पयली पाठच बगितली असती. तुजं बराबर हाय, सालू."

मावशीचे हात थांबले. मला वाटतं ती चौदा वर्षं भांडणाची तयारी करून बसली होती. 'मी तसं म्हणालेच नाही, तुझ्याच मनात पाप' असं काहीतरी आक्काकडून ऐकायची. हे तिनं धरलेलं नव्हतं.

"जाताना आईच्या अंगावर वरखडा बी न्हवता," ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज फाटला.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी त्यांना सासऱ्यांच्या वर्षश्राद्धासारख्या दिवशी, म्हणजे आमच्यात आठवणीची प्रार्थना करतात तेव्हासुद्धा, रडताना बघितलं नव्हतं. "वार्डात चाळीस पेशंट असायचे माज्याकडं," त्या म्हणाल्या. "पाळी संपली की घरला. एका मानसाला दोन वर्सं रातदीस म्या कवाच संबाळलं न्हाई. तू संबाळलंस. आन् म्या तुला शिकवाय जायाची. चुकलं माजं. त्या दिशी मातीवर बोलले त्ये बी चुकलं. आई माजी चोरली न्हवतीस. माज्या वाटनीची बी तूच संबाळलीस."

मावशी "माफ केलं" म्हणाली नाही. तिनं सूप पायानं पुढं ढकललं.

"शेंगा सोल," ती म्हणाली. "रिकामी बसू नगंस."

आम्ही तिघींनी शेंगा सोलल्या. अर्ध्या तासानं तिनं मला विचारलं, "जेवलाय का गं तुमी?" आम्ही सकाळपासून चहावर होतो. ती उठायला लागली तर गुडघे धरून "आई गं" म्हणाली. सासूबाईंचा हात लगेच पुढं गेला, फडकं सोडून गुडघा बघायला. अर्ध्या वाटेत तो हात थांबला. "बगू का?" त्यांनी विचारलं.

मावशीनं त्यांच्याकडं बघितलं. "बग," ती म्हणाली.

भाकरी मी केल्या. आत चुलीपाशी होते म्हणून मला सोप्यातलं सगळं ऐकू आलं नाही. एकदा मावशीचं हसणं ऐकू आलं. एकदा दोघी एकदम बोलत होत्या आणि कुणीच ऐकत नव्हतं. भाकरी घेऊन बाहेर आले तर सासूबाईंनी मावशीचे दोन्ही पाय मांडीवर घेतले होते आणि खोबरेल चोळत होत्या.

दुपारी पाळकसाहेबांचा फोन आला. धैर्यशीलनं त्यांना उंब्रजचं सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, बनुबाईंना सांगा, बाकीचं सगळं वाटून झालं, पण त्यांचा भोपळा मी हलवलेला नाही. परत येऊन अर्पण करायचं असं आहे ना पुढं."

मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भोपळा वाट बगतोय म्हनून सालूला टाकून येऊ व्हय? त्येंना म्हनावं, चिरा आन् घारगे करा. देवाला पोचला." पुढच्या रविवारी रविवारच्या शाळेतल्या पोरांनी घारगे खाल्ले.

सासूबाई तिथंच राहिल्या. मी संध्याकाळच्या गाडीनं एकटी परतले. घरी धैर्यशील दारातच उभा होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, आणि ऐकताना खिशातला रुमाल काढून उगाच हात पुसत होता. शेवटी म्हणाला, "आजीची पाठ मीपण बघायचो. आई बघायची म्हणून." आणि मोबाइल घेऊन बाहेर गेला. मावशीला फोन करायला गेला होता ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सासूबाई नऊ दिवस राहिल्या. सगळं काही गोडीगुलाबीत झालं असं नाही. चौथ्या दिवशी दोघी आईच्या कबरीवर गेल्या, गवत काढलं आणि चुना लावायला घेतला. सासूबाई म्हणाल्या चुना पातळ झालाय, मावशी म्हणाली चौदा वर्षं मीच लावतेय, तेव्हा कोण यायचं बघायला? त्यावर सासूबाई रागानं ब्रश टाकून रस्त्यापर्यंत गेल्या. मावशीनं मला फोनवर सांगितलं, "मला वाटलं गेली ही यष्टी धरून. पर शंभर पावलं गेली आन् परत आली. म्हनली, दे ब्रश." तो उरलेला चुना त्यांनी पातळच लावला.

नाताळाला मावशीला या म्हटलं तर आली नाही. एवढ्या लवकर मला जमायचं नाही, म्हणाली. सासूबाईंनी आग्रह केला नाही. त्या फक्त दर शनिवारी फोन करतात, आणि मला अचंबा वाटतो तो याचा, की फोनवर त्या विचारतात कमी आणि ऐकतात जास्त. मावशी तासभर बोलते. शेजारणीचं, गुडघ्याचं, फौजेत असलेल्या मुलाचं, कोंबड्यांचं. सासूबाई "व्हय गं", "मंग गं" करत राहतात. सल्ला ओठावर आला की हाताची मूठ आवळतात. मी बघते समोर बसून.

मार्चमध्ये तिचा फौजेतला मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं मावशीला मोटारीनं आणून सोडलं. दोन दिवस राहायचं म्हणून आली, अजून आहे. सकाळी मी वाचायला बसते तेव्हा दोघी दोन बाजूंना बसतात. मावशीला वाचता येतं. ती माझ्या खांद्यावरून बघते आणि एखादा शब्द चुकला की लगेच टोकते. सासूबाईंना ते फार आवडतं. काल त्या अंबूबाईंना सांगत होत्या, "आमची सालू सातवी पास हाय. हिच्यापुढं रेश्माची बी चूक निगती." आणि मावशी तोंड फिरवून लसूण सोलत होती, ऐकू न आल्यासारखं करून.